नादारी घेऊन सुटका? आमचा अनुभव

'नादारी, म्हणजे दिवाळखोरी, जाहीर केली की कर्ज संपलं' असं बरेच जण म्हणतात, पण आपल्याकडे ते इतकं सरळ नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, तोही फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. एकट्याच्या मालकीचा धंदा बुडाला तर अजून इंग्रजांचाच कायदा, मुंबई, कोलकाता, चेन्नईत १९०९ चा, बाकी ठिकाणी १९२० चा.

आमचे इचलकरंजीत माग होते. कापड उचलणाऱ्या पेढीने हात वर केले आणि आमची सूतवाल्यांची देणी थकली. वडील कोर्टाची पायरी चढले नाहीत. घर विकून एकेकाशी तडजोड केली. माग भंगारवाल्याने किलोवर नेले. काटा चालू असताना मागांची देखभाल करणारा आमचा जॉबर आडवा धागा नेणारे धोटे तेवढे बाजूला काढत होता, 'कुठंतरी चालतील' म्हणत.

पुढे वडील दुसऱ्याच्या कारखान्यात दिवाणजी झाले. भावाच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने त्यांचा जामीन नाकारला. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने मात्र आमची वही कधी बंद केली नाही. त्याच सूतवाल्यांपैकी एकाने नंतर आपणहून उधारीवर सूत देऊ केलं, 'परत माग टाका' म्हणाला. वडिलांनी नको म्हटलं. आईला ते अजून पटलेलं नाही.