उजनी धरणातली जलपर्णी : फवारायची की उपसायची?

भीमाकाठ : माझं मत सरळ आहे. या तरंगत्या तणावर तणनाशक मारा आणि मोकळे व्हा. होडी पुढं सरकत नाही, वल्ह्यात मुळं गुंततात, रात्री टाकलेलं जाळं पहाटे ओढावं तर चिलापी कमी अन् पालाच जास्त. "हातानं उपसा" म्हणणाऱ्यांनी एक गड्डा उचलून बघावा. त्यात नव्वद टक्क्यांवर पाणीच असतं. म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहायचं! उन्हाळ्यात ती दोन आठवड्यांत दुप्पट होते, ट्रॅक्टरच्या खेपा तिला पुरणार आहेत का?

वांबवाला : मारल्यावर ती जाते कुठं? तिथंच बुडून कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढते, मग पहाटे मासे तोंड वर काढतात. आणि हे पाणी सोलापूर पितं, हे विसरलात वाटतं.

भीमाकाठ : एकदम सगळं कोण मारतंय? पट्ट्यापट्ट्यानं, मध्ये जागा सोडून. आणि जिथं तिची सतरंजी पसरलीय तिथं खाली आत्ता तरी प्राणवायू कुठाय?

हिरवा काठ : जलपर्णी खाणारे सोंडकिडे सोडा. नियोकेटिना म्हणतात त्यांना. जलपर्णी दक्षिण अमेरिकेची, तिचा हा शत्रूही तिकडचाच. आपल्याकडे तो 1980च्या दशकातच आणलाय. आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरात त्यानं चांगलं काम केलं.

वांबवाला : किडे वाढायला काही वर्षं लागतात हो. तोवर पहिल्या पुरात वरून नवा माल येतो. पवना, मुळा, मुठेत पुणे-पिंपरीचं सांडपाणी, त्यावर ती पोसते आणि भीमेतून आमच्या दारात. मी तर म्हणतो, तिला उजनीत गाठायचंच कशाला? वरच्या बंधाऱ्यांवर पावसाआधी अडवा. नदीच्या अरुंद पात्रात जे काम दहा माणसांचं, ते इथं पसरल्यावर शंभरांचं होतं. (फवारणीवाल्यांना हे पटत नाही, कारण त्यात दुकानदाराचं काही विकलं जात नाही. असो.)

भीमाकाठ : दुकानदाराशी माझं काही नातं नाही, टोमणा परत घ्या.

गाळपेर : दोघंही एक विसरताय. एप्रिल-मेमध्ये धरण उण्यात (उपयुक्त साठ्याच्या खाली) जातं, पाणी मागं सरतं आणि काठची जलपर्णी गाळावर पडून वाळते. वाळली की वजनाला काहीच राहत नाही. उचलायची वेळ ती. आपण मात्र ऑक्टोबरमध्ये ओली उपसतो, फोटो काढतो.

हिरवा काठ : उचला, पण बी गाळात राहतंच. वर्षानुवर्षं जिवंत असतं ते, पाणी आलं की पुन्हा रुजतं.

गाळपेर : रुजू दे की. निम्मी तरी कमी होईल. दरवर्षी करावं लागेल, भांगलण एकदाच करून कुणाचं शेत साफ राहिलंय?

वांबवाला : हे पटलं. पण वाळवून तिथंच पेटवू नका, वारा गावाकडं असतो. खड्डे करून कंपोस्ट करा.

भीमाकाठ : बरं, मे महिन्यात आमच्या वस्तीवरची पंधरा-वीस माणसं येतील. तेव्हा मासेमारीही पडलेलीच असते. मजुरी कोण देणार, ते आधी बोला.

गाळपेर : तेच तर.