मदत हवी आहे : 'कैयुआन झानजिंग'मधलं चिनी खगोलज्ञान नक्की किती जुनं मानायचं?

मंडळी, आमच्या आकाशनिरीक्षण गटात प्राचीन चिनी खगोलावर बोलायचं कबूल केलंय आणि एकाच ग्रंथात अडकून बसलोय. चिनी वाचता येणारं किंवा आपले सिद्धांतग्रंथ (जुने गणिती खगोलग्रंथ) चाळलेलं कुणी असेल तर सांगा.

थांग दरबारातला खगोलाधिकारी गौतम सिद्ध याने आठव्या शतकाच्या सुरुवातीला केलेलं हे १२० भागांचं संकलन. घराणं मूळचं भारतीय, वास्तव्य राजधानी छांगआनला. मुळात हा शकुनांचा ग्रंथ : अमुक ग्रह तमुक नक्षत्रात थबकला तर कुठल्या राज्यावर संकट, वगैरे. पण 'शी म्हणतो', 'गान म्हणतो' करत त्याने इ.स.पू. चौथ्या शतकातल्या शी शेन आणि गान दे या खगोलज्ञांची वचनं उतरवून ठेवली. त्यांची मूळ पुस्तकं कधीच गेली. हा ग्रंथसुद्धा गायबच होता. मिंग काळात, १६१६ च्या सुमारास, एका बुद्धमूर्तीच्या पोटात सापडला म्हणतात.

गान देच्या नावावर गुरूला एक बारीक तांबूस तारा चिकटल्याची नोंद आहे. १९८१ मध्ये शी झेझोंग या खगोल-इतिहासकाराने तो गुरूचा उपग्रह, बहुधा गॅनिमीड, असं मांडलं. म्हणजे गॅलिलिओच्या जवळजवळ दोन हजार वर्षं आधी! गॅनिमीडची तेजस्विता नुसत्या डोळ्यांच्या टप्प्यात आहे, मान्य. पण गुरूच्या झगमगाटाशेजारी असल्या मंद ठिपक्याचा रंग कसा कळला? त्यात हजार वर्षांच्या नकलांतून आलेलं वाक्य. शी शेनच्या तारासूचीचंही तेच. संपातचलनाचा (संपातबिंदू हळूहळू सरकण्याचा) हिशेब करून काही अभ्यासक तिची मोजमापं इ.स.पू. पहिल्या शतकात आणतात. मग सभेत 'गान देने पाहिलं' म्हणू की 'गान देच्या नावावर आहे' म्हणू?

खरा गोंधळ विश्वरचनेचा. सुरुवातीच्या भागांत आकाशाच्या स्वरूपावरचे चिनी पक्ष आहेत. आकाशाला छत्री मानणारे गायत्यानवाले. आकाश अंड्यासारखं आणि पृथ्वी आतल्या बलकासारखी म्हणणारे हुनत्यानवाले. वर्तुळ ३६५¼ अंशांचं, कारण सूर्य रोज एक अंश सरकतो. आणि १०४ व्या भागात याच गौतमाने ७१८ मध्ये केलेलं भारतीय नवग्रह-पंचांगाचं भाषांतर : ३६० अंश, ज्या (साइन) मूल्यांचं कोष्टक, रिकाम्या जागी शून्याचा ठिपका. दोन्ही एकाच ग्रंथात, पण त्यांचा मेळ घालायचा प्रयत्न मला तरी कुठे दिसला नाही. मला वाटतं, संकलक म्हणून तो त्याचा धंदाच नव्हता. पण हे माझं अनुमान.

यात भर म्हणजे ७३३ मध्ये गौतमाच्या मुलाने तक्रार केली की यी शिंग या बौद्ध भिक्षू-खगोलज्ञाचं दायान पंचांग आमच्या नवग्रह-पंचांगावरून उचललंय. वेधशाळेच्या नोंदींशी पडताळलं तेव्हा दहांत सात-आठदा दायान बरोबर आलं, नवग्रहवालं जेमतेम एक-दोनदा! भारतीय गणित एवढं का चुकावं? छांगआनच्या रेखांशाची दुरुस्ती राहिली, की भाषांतरच अर्धवट झालं? ज्यांनी करणग्रंथांवर (पंचांगगणिताच्या सोप्या पुस्तकांवर) ग्रहणं काढून पाहिली आहेत त्यांचं मत आधी हवंय.