मदत हवी आहे: जुन्या साइटवर चेकआउट (ऑर्डर पक्की करून पैसे भरायची पायरी) सोपं कसं करू?

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरच्या एका साडी दुकानाची ऑनलाइन विक्री मी बघते. साइट पीएचपी ५.६ (साइट ज्या भाषेत लिहिली आहे तिची जुनी आवृत्ती) वर आहे, त्याचा सपोर्ट २०१८ अखेर संपला. स्टॉक आणि जीएसटीची बिलं त्यातच, त्यामुळं सगळं एकदम बदलणं परवडणारं नाही.

खानापूर, निपाणीकडच्या बायका मोबाइलवर साडी निवडतात, पण खातं उघडा म्हटलं की तिथंच सोडून देतात. पत्ता मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहिला तर नुसती प्रश्नचिन्हं उमटतात, कारण डेटाबेसची टेबलं अजून लॅटिन१ मध्ये, म्हणजे फक्त रोमन अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत आहेत. हे मला फार लागतं. आपल्या गावाचं नाव आपल्या लिपीत लिहिता यायलाच हवं.

आधी टेबलं यूटीएफ८एमबी४ मध्ये (सगळ्या लिप्या साठवणाऱ्या पद्धतीत) न्यावीत, की फक्त चेकआउटची पानं नवी करून खात्याशिवाय ऑर्डर सुरू करावी? जुनी बिलं न बिघडवता असं कुणी केलंय का?