२१ पत्त्यांची जादू येते, पण वाटता वाटता बोलायचं काय?

कंदीपेढा
नमस्कार मंडळी, गणपतीत आमच्या शाहूपुरीतल्या सोसायटीत एक संध्याकाळ मुलांच्या कार्यक्रमांची असते आणि यंदा मोठ्यांनी पण काहीतरी करायचं असं ठरलंय, गाणं मला येत नाही आणि नाचायला लावलं तर मी माहेरी निघून जाईन, म्हणून म्हटलं पत्त्यांची जादू करते. हातचलाखी शून्य. ती आपली सगळ्यांना माहिती असलेली २१ पत्त्यांची येते फक्त, समोरच्याला एक पत्ता काढून बघायला सांगायचं, मग सात-सातचे तीन ढीग, पत्ता कुठल्या ढिगात ते विचारायचं, तो ढीग दोघांच्या मध्ये घालायचा, असं तीनदा केलं की वरनं ११ वा पत्ता त्याचाच. चुकत नाही कधी. पण ते वाटप लय कंटाळवाणं हो, घरी करून दाखवली तर मिस्टर "अजून वाटायचेत?" म्हणून चहा टाकायला उठले (तेवढा फायदा). तर आकड्यांवरून काहीतरी हसवणारं सुचवा, जमलं तर आपल्या साताऱ्याकडचं. समोर बालवाडीपासून ते आजोबांपर्यंत सगळे असणार. आणि गणपतीपुढं पत्ते काढलेले चालतात ना?

चारभिंती_कट्टा
ताई मंडपात रात्रभर जागायला पोरं काय भजन म्हणतात होय, पत्तेच असतात, बिनधास्त काढा.

आणि अकरावा पत्ता येतोय, तुम्ही साताऱ्याच्या, तरी विचारताय? एमएच ११!! देवानंच जुळवून दिलंय.

मी असं करीन बघा. २१ च पत्ते का असं कोणीतरी शहाणं विचारणारच, त्याला सांगायचं बाप्पाला २१ मोदक म्हणून २१, विषय संपला. मग हे २१ जण म्हणजे पाहुणे, सगळे मुंबईला कामाला, गणपतीला साताऱ्याला निघालेत आणि एसटीचं रिझर्वेशन काय मिळालं नाही, म्हणून तीन वडाप केलेत, एकेका जीपमध्ये सातजण (खरं तर वडापमध्ये सात म्हणजे गाडी रिकामीच, ड्रायव्हर हलणारच नाही, हे वाक्य घ्याच, आमच्याकडं यावर हशा हमखास). पहिल्यांदा वाटताना म्हणायचं बसा बसा सरकून बसा. मग विचारायचं तुमचा पाहुणा कुठल्या गाडीत, एवढंच. "ढीग" हा शब्द काढायचाच नाही. दुसऱ्यांदा का वाटायचं तर एक गाडी पंक्चर, सगळे उतरा. तिसऱ्यांदा पुढं पोलीस उभेत, परत उतरा. म्हणजे वाटप तेच पण प्रत्येक वेळी कायतरी कारण झालं, नुसतं वाटत बसलं की माणसं उठणारच.

आता मेन माल शेवटाला. पत्ते मोजताना एक दोन तीन नाही मोजायचं, नंबरप्लेट मोजायची. गठ्ठा पालथा धरून वरनं एकेक टाकत जा: एमएच १ मुंबई, २ पण मुंबई, ३ पण मुंबई (इथं वैतागल्यासारखं करा, मुंबईतनं बाहेर पडायलाच तीन पत्ते गेले), ४ ठाणे, ५ कल्याण, ६ रायगड, ७ सिंधुदुर्ग, ८ रत्नागिरी, म्हणजे ड्रायव्हर रत्नागिरी सोडून पार खाली सिंधुदुर्गात गेला आणि परत वर आला, झोपला होता वाटतं. मग आंबा घाट चढून ९ कोल्हापूर, १० सांगली, पेठ नाका, कराड, आणि ११... सातारा! पाहुणा उतरला. मुंबईवरनं साताऱ्याला कोण जातं हो असं, पण तेच हसायचं कारण आहे, आणि आजोबा मंडळींना गाड्यांचे नंबर पाठ असतात, ते तुमच्या आधी ओरडतात.

मिरज_जंक्शन
नाद खुळा! पण आमच्या सांगलीवरनं गाडी नुसती हॉर्न मारत पुढं जाणार व्हय मर्दा? मला हे आमच्या विश्रामबागेतल्या पोरांना दाखवायचंय, तिथं ११ वर साताऱ्याला उतरवला तर मला हाकलतील. १० व्या नंबरावर पत्ता आणायची काय सोय?

तीनतिघाडा
आहे की. फक्त २१ सोडा, २७ पत्ते घ्या, नऊ-नऊचे तीन. २१ मध्ये दर वेळी मध्येच ठेवतो म्हणून पत्ता बरोबर मध्यावर अडकतो: पहिल्या वेळी तो ८ ते १४ मध्ये कुठंतरी, दुसऱ्या वेळी १० ते १२ मध्ये, तिसऱ्या वेळी ११. २७ घेतले की मात्र पाहिजे त्या नंबरावर आणता येतो, कारण तीन गुणिले तीन गुणिले तीन २७. जर्गोन नावाच्या फ्रेंच गणित्यानं १८१३-१४ च्या सुमारास यावर लेखच लिहिलाय, म्हणजे ही काय फक्त मामाच्या गावची जादू नाही.

हिशोब सोपाय. त्याचा ढीग वर ठेवला तर ०, मध्ये १, खाली २. पहिल्या उचलीचा आकडा तसाच, दुसऱ्या उचलीचा तिप्पट, तिसऱ्या उचलीचा नऊपट, सगळ्याची बेरीज आणि वर एक मिळवायचा. सांगलीला वर, वर, मध्ये: ० + ० + ९ + १ = १०. साताऱ्याला मध्ये, वर, मध्ये, ११. पुण्याला खाली, वर, मध्ये, १२. म्हणजे सांगली, सातारा, पुणे यात फरक फक्त पहिल्या उचलीचा, नंतरचं सेम टू सेम, हे मला लय आवडतं. कोल्हापूरकर असला समोर तर खाली, खाली, वर: २ + ६ + ० + १ = ९. त्यामुळं पत्ता काढणाऱ्यालाच आधी विचारायचं, पाव्हणं गाव कुठलं, आणि त्याच्याच गावाला उतरवायचा. कराडचा निघाला तर मात्र अवघड, एमएच ५०, आणि पत्ते २७. त्याला सांगायचं तुमची गाडी अजून तासवडे टोलला उभीय.

कंदीपेढा
अहो हे भारीच, पण वर म्हणजे नक्की कुठं? मी पत्ते उघडे वाटते, लोकांना दिसायला पाहिजेत ना.

तीनतिघाडा
बरोबर विचारलंत, सगळे इथंच आपटतात. उघडे वाटलेले ढीग एकावर एक ठेवून गठ्ठा पालथा केला की सगळ्यात खालचा ढीग वर येतो. म्हणून "वर" म्हणजे पालथा केल्यावर वर. उचलताना उघड्या ढिगांत त्याचा ढीग सगळ्यात खाली घ्यायचा. तुम्ही ११ च करणार असाल तर २१ वालीच ठेवा, तिथं ही भानगड नाही, वरनं मोजा नाहीतर खालनं, ११ वा तो ११ वाच. आणि दर वेळी आडव्या ओळीनं एकेक पत्ता वाटायचा, एका ढिगात सलग सात टाकले तर जादू गेली.

चारभिंती_कट्टा
अजून एक, पत्ता एकट्या पोराला काढायला देऊ नका. बारकं पोरगं तिसऱ्या वाटपापर्यंत किल्वर आणि इस्पिकमध्ये घोळ घालतं आणि चुकीच्या गाडीकडं बोट दाखवतं, मग ब्रह्मदेव आला तरी पत्ता सापडायचा नाही. तुम्ही तोंड फिरवा आणि पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना पत्ता बघू दे, म्हणजे ओरडायला पण पार्टी तयार.

मिरज_जंक्शन
आणि अकरावर आल्या आल्या पत्ता उलटू नका ताई. आधी त्यांच्याकडनं नाव वदवून घ्या, बदाम राणी का चौकट गुलाम जे असंल ते. तरी उलटायचा नाही. अकरावा हातात तसाच पालथा धरून दुसऱ्या हातानं बाराव्याला बोट लावायचं आणि विचारायचं, थांबू का पुण्याला जाऊया? साताऱ्याची पब्लिक आहे, "नको" एवढ्या जोरात येईल की मंडपाचा पडदा हलंल. मग उलटा.