रेख्ता : शब्द, त्याचे अर्थ आणि औरंगाबाद

विचारणा

गालिबच्या 'रेख्ते के तुम्हीं उस्ताद नहीं हो गालिब, कहते हैं अगले जमाने में कोई मीर भी था' या शेरातला 'रेख्ता' म्हणजे नेमके काय? एका ठिकाणी 'उर्दूचे जुने नाव' असा अर्थ सापडला, दुसरीकडे 'गझल', तिसरीकडे 'मिश्र भाषा'. आपल्या 'रेखा', 'रेखणे' यांच्याशी त्याचे काही नाते आहे का? या शब्दाच्या संदर्भात औरंगाबादचे नाव वारंवार येते, ते का?

उत्तर

आधी 'रेखा'चे बघू. तिच्याशी नाते नाही. फारसीत 'रेख्तन' हे क्रियापद आहे, म्हणजे ओतणे, सांडणे. त्याचे धातुसाधित 'रेख्ता', म्हणजे ओतलेले, सांडलेले, विखुरलेले. याच धातूतला 'रेज' आपल्याला 'लबरेज' (ओठांवरून सांडेल इतके भरलेले) आणि 'खूंरेजी' (रक्तपात) या शब्दांत भेटतो. संस्कृतातले नातलग शोधायचे तर ते 'रिच्' धातूकडे सापडतात. रिक्त, विरेचन, अतिरेक ही सगळी त्याच मुळाची मंडळी. भरून सांडणारे 'लबरेज' आणि रिकामे 'रिक्त' मुळात एकाच घरचे आहेत, ही गोष्ट मला फार आवडते.

ओतण्यावरून मिसळण्याचा अर्थ आला. बांधकामात चुन्याच्या गाऱ्याला रेख्ता म्हणत. गाण्यात फारसी आणि हिंदवी (म्हणजे इथल्या देशी बोलीतले) बोल एकाच रागतालात बसवलेल्या चिजेला रेख्ता म्हणत. कबीराच्या आणि इतर निर्गुणी संतांच्या पदसंग्रहांत 'रेखता' नावाचा वेगळा विभागच असतो. कवितेत हा शब्द आला तो आधी दोन भाषांच्या मिश्रणासाठी. परंपरेने अमीर खुस्रोच्या नावावर असलेली 'जे-हाल-ए-मिस्कीं मकुन तगाफुल, दुराए नैनां बनाए बतियां' ही ओळ पाहा. पहिला अर्धा शुद्ध फारसी आणि पुढचा अर्धा शुद्ध ब्रज, सांधा अगदी मधोमध.

मग हा मिश्रणाचा शब्द एका भाषेचे, एका काव्याचे नाव कसा झाला? याचे सर्वात चांगले उत्तर अठराव्या शतकातला दिल्लीचा कवी मीर तकी मीर, म्हणजे गालिबच्या शेरातला मीर, याच्याकडे मिळते. त्याने १७५२ साली 'निकात-उश-शुअरा' हा कवींचा परिचयग्रंथ फारसीत लिहिला. अशा ग्रंथाला तजकिरा म्हणतात. त्यात तो रेख्त्याचे सहा प्रकार सांगतो. एक ओळ फारसी आणि एक हिंदी, हा पहिला. एकाच ओळीत अर्धे-अर्धे, हा दुसरा. फारसीची क्रियापदे आणि अव्यये हिंदी वाक्यात घुसडणे हा तिसरा, आणि हा त्याला वाईट वाटतो. फारसी समास आणि शब्दजोडण्या घेणे हा चौथा, पण त्या रेख्त्याच्या स्वभावाशी जुळल्या पाहिजेत. पाचवा ईहाम, म्हणजे श्लेष. सहावा त्याचा स्वतःचा 'अंदाज', ज्यात बाकीचे सगळे गुण सामावतात.

क्रियापद परके चालत नाही पण समास चालतो, हा मीरचा कान आजच्या मराठीलाही लागू पडतो. 'मी ते फॉरवर्ड करतो' हे आपण सहज बोलतो, कारण 'करतो' आपले आहे. वाक्य क्रियापदावर उभे असते.

त्याच ग्रंथात मीर रेख्त्याची व्याख्या देतो: शाहजहानाबादच्या (म्हणजे दिल्लीच्या) 'उर्दू-ए-मुअल्ला'च्या बोलीत, फारसी काव्याच्या धर्तीवर रचलेले काव्य. इथे 'उर्दू' हे भाषेचे नाव नाही, जागेचे आहे. तुर्की 'ओर्दू' म्हणजे लष्कराचा तळ. 'उर्दू-ए-मुअल्ला' म्हणजे बादशहाची थोर छावणी, म्हणजे दिल्लीचे राजशहर. पुढे 'जबान-ए-उर्दू-ए-मुअल्ला' एवढे लांबलचक नाव झिजून नुसते 'उर्दू' उरले. कवी मुसहफीच्या पिढीपर्यंत, अठराव्या शतकाच्या अखेरीस, ते भाषेचे नाव म्हणून वापरात आले. तरी एकोणिसाव्या शतकात गालिब स्वतःच्या कवितेला रेख्ताच म्हणतो. तेव्हा कोशातले तिन्ही अर्थ आपापल्या काळी बरोबर आहेत. गालिबच्या शेरात मात्र अर्थ 'उर्दू कविता' असाच घ्यायचा. मीरच्या 'गुफ्तगू रेख्ते में हम से न कर, ये हमारी जबान है प्यारे' यात तो 'भाषा' असा होतो.

आता औरंगाबाद. (शहराचे नाव आज छत्रपती संभाजीनगर आहे. पण कवींच्या नावांतच 'औरंगाबादी' असल्याने इथे जुने नाव ठेवतो.)

मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली. दख्खनचा सुभेदार असताना औरंगजेबाने १६५३ मध्ये तिचे औरंगाबाद केले. मोगलांची दख्खनमधली सगळी धावपळ या शहरातून चालली. फौज आली, तिच्यामागून कारकून, कारागीर, सूफी, सराफ आले आणि घरे बांधून राहिले. दिल्लीकडची बोली इथे मुक्कामाला आली आणि गोवळकोंडा-विजापूरकडच्या जुन्या दखनीला, म्हणजे दख्खनमध्ये रुजलेल्या हिंदवीला, येऊन भिडली. रेख्त्याचा मोठा कवी वली इथलाच. त्याची भाषा गोवळकोंड्याच्या कवींपेक्षा दिल्लीला जवळची वाटते त्याचे कारण हे आहे. आणि तो 'रेख्ता' हा शब्द स्वतःच्या कवितेसाठी बिनदिक्कत वापरतो: 'ये रेख्ता वली का जाकर उसे सुना दे, रखता है फिक्र रौशन जो अनवरी के मानिंद'. अनवरी हा फारसीचा थोर कवी. ज्याची प्रतिभा अनवरीच्या तोडीची असेल त्याला माझा रेख्ता ऐकवा, असे वली म्हणतो. अर्धीमुर्धी खिचडी ऐकवणारा माणूस असे म्हणणार नाही. वलीच्या हातात रेख्ता फारसीच्या शेजारी बसायला लायक झाला होता.

वली १७०० साली दिल्लीला गेला. त्याचा दीवान, म्हणजे कवितासंग्रह, मोगल बादशहा मुहम्मदशहाच्या कारकिर्दीच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे १७२० च्या सुमारास, दिल्लीत पोचला. तोवर दिल्लीचे मोठे कवी फारसीत लिहीत होते आणि हिंदवी ही गंमतीची गोष्ट होती. वली वाचल्यावर ते बदलले. शाह हातिमसारखा दिल्लीचा उस्ताद वलीला गुरुस्थानी मानत असे. मीरनेही एका शेरात हे ऋण मान्य केले आहे:

खूगर नहीं कुछ यूं ही हम रेख्तागोई के
माशूक जो था अपना बाशिंदा दकन का था

रेख्ता रचायची सवय आम्हाला उगाच नाही लागली, आमची प्रिय व्यक्ती दख्खनची रहिवासी होती.

पण हाच मीर तजकिऱ्यात वेगळे बोलतो. रेख्ता दख्खनचा खरा, पण तिथे एकही नीट बांधीव लिहिणारा कवी झाला नाही, म्हणून मी त्यांच्यापासून सुरुवात करत नाही, असे तो लिहितो. मीरच्याच काळातला कवी कायम चांदपुरी तर त्याही पुढे जातो: 'कायम मैं गजल तौर किया रेख्ता वर्ना, इक बात लचर सी ब-जबान-ए-दकनी थी'. मी रेख्त्याला गझलेचे वळण दिले, नाहीतर ती दखनी भाषेतली एक लेचीपेची गोष्ट होती.

मला हे दोन्ही उद्गार अन्यायाचे वाटतात, आणि त्याचा पुरावा खुद्द दिल्लीतच आहे. हातिमने १७५५ च्या सुमारास स्वतःचा जुना दीवान गाळून 'दीवानजादा' तयार केला. प्रस्तावनेत तो कोणते शब्द टाकून दिले ते सांगतो. त्यात नैन, जग, नित, बिसर हे शब्द आहेत. मराठी माणसाने ही यादी सावकाश वाचावी. नयन, जग, नित्य, विसर! दिल्लीने 'साफ' भाषा म्हणून जे बाहेर काढले ते आपल्या रोजच्या बोलण्यातले आहे. वलीच्या गझलेत मात्र सजन, नैन, पीतम हे शब्द फारसी समासांच्या मांडीला मांडी लावून बसतात. रेख्ता या शब्दाचा मूळ अर्थ मिसळणे असेल, तर त्या अर्थाला दख्खनचे कवी जास्त इमानी राहिले.

पुढचा प्रश्न

म्हणजे औरंगाबादचे श्रेय फक्त वलीपुरते? वली तर गुजरातचा होता असेही म्हणतात.

उत्तर

वलीचे शेवटचे दिवस अहमदाबादला गेले, कबरही तिथेच होती (ती २००२ मध्ये पाडली गेली), त्यामुळे गुजरातचा हक्क आहेच. पण शहराचे श्रेय एका माणसावर उभे नाही.

सिराज औरंगाबादी घ्या. त्याची ही गझल आजही कव्वाल गातात:

खबर-ए-तहय्युर-ए-इश्क सुन न जुनूं रहा न परी रही
न तो तू रहा न तो मैं रहा जो रही सो बेखबरी रही

पहिल्या ओळीच्या सुरुवातीला फारसीचा तीनपदरी समास. नंतर 'सुन', आणि पुढे 'रहा', 'रही' यांची पाळी. दुसऱ्या ओळीत 'बेखबरी' सोडली तर सगळा माल बाजारात मिळणाऱ्या बोलीचा आहे. पहिल्या ओळीचे जडपण दुसऱ्या ओळीत गळून पडते, आणि शेरात सांगितलेही तेच आहे की प्रेमाच्या विस्मयापुढे 'तू' आणि 'मी' दोन्ही गळून पडले. मीरचा चौथा नियम, समास चालेल पण भाषेच्या स्वभावाशी जुळलेला हवा, तो सिराजने आधीच पाळलेला आहे. पुढे गुरूच्या आज्ञेवरून त्याने कविता थांबवली.

सिराजच्याच काळात, त्याच शहरात कीर्तनकार कवी अमृतराय राहत होते. त्यांचे कटाव (एक लयबद्ध काव्यप्रकार) मराठीत प्रसिद्ध आहेत आणि त्यांनी हिंदुस्थानीतही पदे रचली. अमृतराय १७५३ साली वारले, सिराज त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी. दोघांच्या कवितेतली नादाची ओढ शेजारी ठेवून कोणीतरी नीट अभ्यासावी, असे मला मनापासून वाटते. आपण अमृतराय मराठीच्या कप्प्यात आणि सिराज उर्दूच्या कप्प्यात ठेवतो, पण त्यांच्या कानावर पडणारा बाजार एकच होता.

तजकिऱ्यांचेही तसेच. मीरने दिल्लीत ज्या वर्षी 'निकात' लिहिला, त्याच १७५२ साली औरंगाबादेत ख्वाजा खान हमीद यांनी 'गुलशन-ए-गुफ्तार' लिहिला. १७६१ मध्ये लछमी नारायण शफीक यांचा 'चमनिस्तान-ए-शुअरा' आला. शफीक हे औरंगाबादचे, आझाद बिलग्रामींचे शिष्य. आझाद बिलग्रामी खुद्द उत्तरेतून येऊन इथे स्थायिक झाले आणि खुलताबादला दफन आहेत. निजामाने १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला नेली आणि शहराचे दिवस पालटले, तरी विसाव्या शतकात मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू या उर्दूच्या प्रसारासाठीच्या संस्थेचे काम अनेक वर्षे इथूनच चालवले. 'उर्दू' हे त्रैमासिक १९२१ मध्ये इथे सुरू झाले. शफीकांचा 'चमनिस्तान' १९२८ साली औरंगाबादेतून छापला गेला, आणि १९३५ मध्ये मीरचा 'निकात'ही. दख्खनच्या कवींना बाजूला सारणारा तो ग्रंथ दख्खनच्याच शहराने जपून छापला.

पुढचा प्रश्न

मराठवाड्यात उर्दू बोलणारे 'नको', 'मैंच' म्हणतात. ते मराठीतून गेले का?

उत्तर

हो. 'नको' तर जुन्या दखनी वाङ्मयातही आहे. 'मैंच', 'ऐसाइच' यातला 'च' आपलाच. 'कायकू' मधला 'कू' मात्र दखनी. वलीच्या काळी 'को', 'से' यांच्या जागी 'कूं', 'सूं' लिहीत, त्यातला 'कू' आजही बोलण्यात टिकून आहे. हे 'बिघडलेले उर्दू' नाही. त्याला वलीपूर्वीचा वंश आहे.

मराठीतल्या वापराबद्दल

उर्दूत शब्द पुल्लिंगी आहे, मराठीतही तसाच चालवावा: 'वलीचा रेख्ता', 'रेख्त्यातले शब्द', 'सिराजचे रेख्ते'. रेख्ता रचणारा तो रेख्तागो, रचणे ते रेख्तागोई. पदसंग्रहांतल्या निर्गुणी रचनांसाठी 'रेखता' हे रूप रूढ आहे, ते बदलू नये. अनेकांना हा शब्द २०१३ पासूनच्या उर्दू काव्याच्या संकेतस्थळामुळे माहीत झाला आहे. तिथे तो 'उर्दू कविता' या गालिबच्या अर्थाने आहे.

'रेख्ती' हा शब्द वेगळा. स्त्रीच्या तोंडी, स्त्रियांच्या घरगुती बोलीत रचलेल्या काव्याला तो लावतात. हे नाव सआदत यार खान रंगीन यांच्यामुळे रूढ झाले आणि लखनौला बहरले, पण स्त्रीच्या आवाजात लिहायची रीत विजापूरच्या हाशमीने दखनीत त्यांच्या कितीतरी आधी पाडली होती.