नऊ वर्षांचं पोर, जोडाक्षरांवर अडलंय: वरच्या पातळीचं पुस्तक द्यावं की थांबावं?

बोरीकाठची (पारोळा)

मुलगा नऊ वर्षांचा. दुसरीनंतर शाळेतून काढला, कारण तिथे त्याला मागच्या बाकावर बसवून ठेवायचे नि वाचनाची पाळी आली की पुढच्याला उठवायचे. आता घरीच शिकतो. तोंडी हिशोब पक्का, ठिबकच्या नळ्या कुठे तुंबल्यात ते बापाआधी त्याला कळतं. वाचन मात्र मागे आहे. जोडाक्षरविरहित पुस्तकं बऱ्यापैकी वाचतो. पुढचं पुस्तक दिलं की 'प्रकाश'चा 'परकाश' करतो, 'सूर्य'पाशी थांबतो आणि मग चित्र बघून काहीतरी ठोकून देतो.

सासरे म्हणतात आधी हे पक्कं होऊ दे. माझं मत उलटं आहे. सोपं पुस्तक पक्कं व्हायची वाट बघत बसलं तर पोर तिथेच राहतं. मी रोज दोन पुस्तकं काढते. एक सोपं, ते तो एकटा वाचतो. एक अवघड, ते मी वाचते, तो बोट फिरवतो आणि मधेमधे एखादं वाक्य उचलतो. तुमचं काय म्हणणं?

निवृत्त मास्तर (अमळनेर)

ताई, सासरे बरोबर बोलतात. जिल्हा परिषदेत हयात गेली, त्यावरून सांगतो. शंभर शब्दांचा उतारा घ्या. पाचापर्यंत चुका झाल्या तर पोर एकटं वाचू शकतं. दहाच्या वर गेल्या तर पुस्तक मिटा. तेवढ्या अडखळण्यात अर्थ हातून निसटतो आणि अंदाजाने वाचायची खोड लागते. तुमच्या मुलाला ती लागलीच आहे, तुम्हीच लिहिलंय. 'असर' ही मुलांच्या वाचनाची पाहणी, तिची चाचणी २००५ पासून गावोगाव होते. अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट, एवढंच बघतात. परिच्छेद अडला तर गोष्ट पुढे करून काय उपयोग?

बोरीकाठची

मास्तर, तुमच्या शंभर शब्दांत माझा मुलगा 'डोळा'ला 'डोया' वाचतो आणि 'केळी'ला 'केयी'. घरात आम्ही अहिराणी बोलतो, तीत तसंच म्हणतात. ही चूक धरायची का? धरली तर तो जन्मभर दहाच्या वरच राहील. दुसरं असं, की जोडाक्षराशिवायच्या पुस्तकात असतं काय? मगर आली, बदक पळालं. मोटर जळली की स्टार्टर उघडून बघणारं पोर आहे ते. 'हे बारक्यांचं शे' (आहे) म्हणून पुस्तक सरकवून देतो. त्याला समज कमी नाही, अक्षरं मागे आहेत.

धुळेकर पुण्यात

मूळ मुद्द्यालाच कुणी हात घालत नाहीये. मुलाला शाळेत घाला. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. घरशाळा हे शहरातलं फॅड. त्यांच्याकडे निदान पैसे असतात. तालुक्याच्या गावात एक आई स्वयंपाक, गुरं, शेत सांभाळून वाचन शिकवणार, हे मला पटत नाही.

केळीवाला (रावेर)

भाऊ, विशेष प्रशिक्षण कागदावर आहे, आमच्याकडे येऊन बघा. आणि घरी शिकला म्हणून दारं बंद होत नाहीत. एनआयओएस म्हणजे केंद्राची मुक्त शाळा, तिची ए पातळी तिसरीला समकक्ष, बी पाचवीला, सी आठवीला. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळातूनही १० वर्षं पूर्ण झाल्यावर पाचवीला बसता येतं. दहावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म तर आपल्याकडे घराघरात माहीत आहे.

धुळेकर पुण्यात

परीक्षेला बसता येतं हो, पण पेपर वाचणार कोण?

सातपुड्याची पायरी (शहादा)

मी वाचनात अडणाऱ्या मुलांबरोबर काम करते. ताई आणि मास्तर, दोघांशीही अर्धीच सहमत.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. हसू नका, निम्मी आईबापं इथूनच मागे फिरतात. मग चुका मोजण्याऐवजी लिहून काढा. 'डोया' ही चूक नाही. शब्द ओळखला, अर्थ लागला, तोंडातून घरचा उच्चार आला. 'विहीर'ला 'विमान' वाचणं ही चूक, कारण पहिलं अक्षर बघून बाकीचं सोडलं. दोन्ही एकाच खात्यात टाकू नका.

अडतंय कुठे तेही बघा. सगळी जोडाक्षरं सारखी अवघड नसतात. 'पक्का', 'गल्ली' मुलं लवकर उचलतात, कारण तेच अक्षर दुप्पट. 'र' मात्र छळतो. 'प्र'मध्ये खाली तिरका, 'ट्र'मध्ये वेगळाच, 'गर्दी'त पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, 'दुसऱ्या'मध्ये कोयत्यासारखा. हा डोक्यावरचा 'र', म्हणजे रफार, तर बोलताना आधी येतो आणि कागदावर पुढच्या अक्षरावर बसतो. मी एक आठवडा फक्त रफार घेते. गर्दी, कुर्ता, बर्फ, खर्च. मूल 'ग' म्हणतं, मी 'र्'वर थांबते, ते 'दी' जोडतं. मग तेच शब्द असलेली चार ओळींची गोष्ट मीच लिहिते. ती येऊ लागली की दुसरा प्रकार.

पुस्तकावर छापलेल्या पातळीवर फार विसंबू नका. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट आहेत, चार पातळ्यांत. पण तिथली पातळी शब्दसंख्या आणि वाक्याच्या लांबीवरून. दुसऱ्या पातळीचं पुस्तक साधारण २५० ते ६०० शब्दांचं. जोडाक्षरांची चाळणी कुणी लावलेली नसते, त्यामुळे पहिल्या पातळीतही 'स्वप्न' आणि 'गोष्ट' भेटतात.

एवढं करूनही सहा-आठ महिन्यांत हललं नाही तर तपासणी करा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया वगैरे) आहे. तिचा दाखला वयाच्या आठ वर्षांनंतरच मिळतो, म्हणजे तुमचा मुलगा त्या वयात बसतो. पुढे परीक्षेत जादा वेळ, लेखनिक वगैरे त्यावरच मिळतं.

भरीतप्रेमी

मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. घरात अहिराणी बंद करा. पुस्तकाची भाषा कानावर पडली की वाचन आपोआप सुधारतं. आमच्या जळगावच्या सोसायटीत सगळे हेच करतात.

केळीवाला

झालं! आता आजीने नातवाशी पेपरच्या भाषेत बोलायचं का?

निवृत्त मास्तर

भरीतप्रेमी, यात मी ताईंच्या बाजूने. नंदुरबारकडे पावरी, भिली बोलणारी पोरं पहिलीत पुस्तकी मराठीपुढे गप्प बसतात, तसंच इथे घडतं. भाषा बंद केली तर पोर बोलायचंच बंद होतं, वाचेल कुठून?

(आता कुणीतरी बहिणाबाईंना कुठे अक्षर येत होतं म्हणेल. आसोद्याच्या मातीतली ती प्रतिभा लिहून घ्यायला घरात मुलगा सोपानदेव होते, हे ध्यानात ठेवा आणि तो दाखला देऊ नका.)

बोरीकाठची

लिहून घ्यायचं तर आम्ही आधीपासून करतोय. तो सांगतो, मी वहीत उतरवते. परवाचं: 'आबा वावरमा गया. कुत्रा बी मांगे गया.' हे तो घडाघडा वाचतो, एकदाही चित्र बघत नाही. खाली मी तेच पुस्तकी मराठीत लिहिते, तेही वाचतो, थोडा थांबत. आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी अशीच उतरवायचा विचार आहे, ती त्याला पाठच आहेत.

सातपुड्याची पायरी

पाठ आहेत म्हणूनच जपून. पाठ असलेलं मूल कागदाकडे न बघता म्हणतं. ओळी कापून चिठ्ठ्या करा, उलटसुलट द्या आणि त्यालाच लावू द्या.

बोरीकाठची

हे चांगलंय. रफारही उद्यापासून घेते. 'खर्च' त्याला आवडेल, मजुरीचा हिशोब तोच करतो. अवघड पुस्तक मात्र सोडणार नाही. ते मी वाचते, त्याच्यावर सोपवत नाही, मग मास्तरांचा नियम मोडतो कुठे?

निवृत्त मास्तर

तुम्ही वाचता तोवर हरकत नाही. पण मधेमधे वाक्य उचलतो म्हणालात, ते वाक्य निवडतं कोण? तुम्ही निवडत असाल तर आधी त्यातली जोडाक्षरं बघून निवडा. तो निवडत असेल तर सोपंच निवडेल, पैज लावतो.

बोरीकाठची

तोच निवडतो. आणि मास्तर, पैज हरलात. काल 'ट्रॅक्टर' असलेलं वाक्य मागून घेतलं त्याने.

धुळेकर पुण्यात

वाचलं का नीट?

बोरीकाठची

'ट्रॅक्टर' वाचलं. पुढचं 'दुरुस्त' राहिलं.