शब्दचर्चा: प्लाझ्मिडांची ‘रचना’ की ‘मांडणी’?

प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राहून वेगळा असलेला, बहुधा वर्तुळाकार डीएनए. सगोत्र, म्हणजे समान उगमाच्या, प्लाझ्मिडांची तुलना करताना ‘जनुकीय रचना’ हा शब्द योग्य आहे का, असा प्रश्न आहे. तो चुकीचा नाही, पण पुरेसा नेमका नाही. प्लाझ्मिडची रचना म्हटले की त्या डीएनएचा आकार, म्हणजे त्याचे वर्तुळ आणि त्याला पडलेला पीळ, आधी डोळ्यांसमोर येतो. तुलना मात्र कोणते जनुक कोणाशेजारी आहे, त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि मध्ये काय शिरले आहे, याची असते. ‘क्रम’ अधिक जवळचा. परंतु ‘अनुक्रम’ हा शब्द क्षारकांच्या, म्हणजे डीएनएच्या ‘अक्षरां’च्या, ओळीसाठी रुळलेला असल्याने घोटाळा होतो, शिवाय क्रमातून दिशा कळत नाही. म्हणून मी ‘मांडणी’ सुचवतो.

आरके-२ आणि आर-७५१ या एकाच गटातील प्लाझ्मिडांचे उदाहरण घ्यावे. पहिल्याची लांबी ६०,०९९ क्षारकजोड्या, दुसऱ्याची सुमारे ५३,०००. स्वतःची प्रत काढण्याची आणि संयुग्मनाने, म्हणजे दोन पेशी जोडल्या जाऊन, दुसऱ्या पेशीत जाण्याची जनुके दोन्हींत बहुतांशी त्याच मांडणीत आहेत. प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके मात्र वेगळी आहेत: आरके-२ मध्ये टेट्रासायक्लीनविरोधी जनुक प्रत काढण्याचे आरंभस्थान आणि त्यासाठी लागणारे ट्रफ-ए जनुक यांच्या मध्ये शिरले आहे, तर आर-७५१ ट्रायमेथोप्रिमविरोधी जनुक वाहून नेते. समान भागाला ‘कणा’ म्हणावे. वर्तुळाला कणा कसा, ही शंका रास्त आहे. पण येथे आकार नव्हे, आधार अभिप्रेत आहे. नंतर शिरलेल्या जनुकांना मी ‘आगंतुक’ म्हणेन. ‘अतिरिक्त’ म्हटले तर ती निरुपयोगी वाटतात, आणि औषधाच्या माऱ्यात जिवाणू तगतो तो त्यांच्याच बळावर.

‘संबंधित प्लाझ्मिड’ हा प्रयोगही टाळावा. ‘संबंधित अधिकारी’प्रमाणे तो केवळ प्रस्तुत विषयाशी जोडलेपण दाखवतो, समान उगम नव्हे, तो अर्थ ‘सगोत्र’मध्ये आहे.

राहिला क्रियापदांचा प्रश्न. ‘संरक्षित मांडणी’ म्हटले की कोणीतरी तिचे रक्षण केले असे वाटते. त्याऐवजी ‘कण्याची मांडणी टिकून आहे, एका जागी आगंतुक तुकड्याने ती मोडली आहे आणि पुढचा भाग उलटला आहे’ हे वाक्य नकाशाशेजारी ठेवून वाचले तरी अडखळायला होत नाही.